अजिंक्यतारा अंगवळणी पडला, आता पुढे काय?

गोडोलीकर · ३ मार्च, सकाळी ८:१०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय, सांभाळून घ्या.

वय ४६, काम दिवसभर खुर्चीतलं. दीड वर्षापूर्वी वजन ८६ होतं, पट्टा शेवटच्या भोकावर आणि बीपीची गोळी नुकतीच चालू झालेली. तेव्हा आपल्या साताऱ्याचा गड, अजिंक्यतारा, धरला. आठवड्यातले सहा दिवस, पहाटे, गाडीरस्त्याने पायथ्यापासून दरवाजापर्यंत आणि परत. घरी येऊन २० जोर, २० बैठका. बास, एवढंच.

पहिल्या दिवशी चढायला ६२ मिनिटं लागली, वाटेत तीनदा कठड्यावर बसलो. सहा-आठ महिन्यांत ४५ वर आलो, वजन ७९ झालं, ऑफिसात लोक विचारायला लागले. त्यानंतर जे अडलंय ते अडलंच. गेले नऊ महिने वेळ ४३-४४, वजन ७९, पट्टा त्याच भोकात. त्रास काहीच नाही, उलट फार सोपं जातं. चढताना मोबाईलवर बातम्या वाचून होतात.

बायको म्हणते, "डोंगर तोच, जोर तेवढेच, मग अंगानं नवीन काय करायचं?" तिचं बरोबर असावं असं वाटायला लागलंय. (तिला सांगू नका.)

ओळखीच्या एका जिमवाल्याला विचारलं तर म्हणाला, दर आठवड्याला सगळा व्यायाम बदला, स्नायूंना गोंधळात टाका. शेजारचे काका म्हणतात, काही बदलू नका, सातत्य सोडलं की संपलं. दोघंही ठाम. मी मधल्या मधे. नक्की काय बदलायचं, किती आणि कधी?

शंकासुर · ३ मार्च, सकाळी ८:४१

खाली उतरल्यावर काय खाता, ते तेवढं लिहायचं राहिलं वाटतं.

घाटवेडी · ३ मार्च, दुपारी १:२०

@गोडोलीकर, तुमची गोष्ट वाचताना माझीच वाटली. फक्त माझा डोंगर यवतेश्वरचा.

आपली हिल हाफ मॅरेथॉन २०१२ पासून होते. मी उतरले उशिरा, पस्तिशी ओलांडल्यावर. एकवीस किलोमीटर आणि त्यात तो घाट, म्हणून तयारी काय, तर रोज घाट. रोज तोच वेग, ना धड सावकाश ना धड जोरात, दम लागेल इतपत. पहिल्या वर्षी अडीच तासांच्या थोडं वर. दुसऱ्या वर्षी तेवढाच वेळ. तिसऱ्या वर्षी चार मिनिटं जास्त! तेही वर्षभर इमानदारीत पळून.

मग एका जुन्या धावपटूंनी माझी वही मागितली. वहीच नव्हती. आठवेल तसं सांगितलं. ते म्हणाले, तुझे सोपे दिवस अवघड आहेत आणि अवघड दिवस सोपे. रोज मधल्याच वेगात पळतेस, त्यामुळे ना विश्रांती मिळते ना कस लागतो.

त्यांनी घाटावर बंदीच घातली, आठवड्यातून एकदाच परवानगी. बाकी दिवस सपाटीवर, गप्पा मारता येतील इतकं सावकाश. पोवई नाक्यावरून पळताना रिक्षावालेसुद्धा हसतील इतकं सावकाश. लाज वाटायची. आणि एक दिवस "खांब ते खांब": विजेच्या एका खांबापासून पुढच्यापर्यंत जोरात, मग दोन खांब आरामात, मग जमेल तसं. याला फार्टलेक म्हणतात हे नंतर कळलं. स्वीडिश शब्द आहे, अर्थ वेगाचा खेळ, १९३० च्या दशकात तिकडच्या प्रशिक्षकांनी रुजवलेला. घड्याळाची सक्ती नाही म्हणून मला आवडतो.

त्या वर्षी अकरा मिनिटं कमी झाली. घाट कमी पळून घाटात सुधारणा, हे पचायला मला वेळ लागला.

तालमीतली माती · ३ मार्च, रात्री ९:०५

आमी कऱ्हाडाकडचं. लहानपन तालमीत गेलं, आता वय ५८, गुडघं शाबूत हायती.

ह्ये जे तुमी नवीन म्हणून इचारताय ते आमच्या वस्तादांनी कदी इचारलंच न्हाई, नुसतं करून घेतलं. सगळ्या दिवशी एकच मेहनत कदीच नसायची. एक दिवस हौद्यातली माती खणायची, खोऱ्यानं, पार पाठ ओली होईस्तवर. एक दिवस दोर. एक दिवस नुसत्या लढती. जोर-बैठका रोजच्याच, पण आकडा वस्ताद सांगणार आनि तो आमच्या तोंडाकडं बगून सांगणार. काल तिघांशी लढलाय न्हवं, मग आज निम्मं जोर मार. पोरगं ताजं दिसलं की "अजून पन्नास".

आनि वर्साचं पन गणित व्हतं. पावसाळ्यात अंग कमवायचं, मेहनत लई, लढती कमी. दिवाळीपासनं लढती वाढवायच्या. आत्ता जत्रांचा हंगाम चालू हाय, आता जादा मेहनत केली तर पैलवान मैदानात दमलेला जाणार. आता फकस्त चपळाई आनि झोप.

आनि एक. तालमीत खाशाबा जाधवांचा फोटू व्हता, आमच्या शेजारच्या गोळेश्वरचं. १९४८ ला लंडनच्या ऑलिंपिकात सहावं आलं, १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ. वस्ताद सांगायचं, मातीत वाढलेल्या मानसाला तिथं गादीवर खेळावं लागलं, त्येचा सराव येगळा. माती कितीबी खेळा, गादीवरचा पाय गादीवरच पक्का व्हतो. तुमी रोज डोंगर चढताय, तर तुमी डोंगर चढन्यात पक्कं झालाय. पोट आनि दंड त्यानं कशाला बदलतील?

बेटकुळी · ४ मार्च, सकाळी ७:३०

शेवटच्या ओळीला +१.

माझं दुखणं बरोब्बर उलटं होतं, म्हणून लिहितो. वय २७. मी कायम बदलतच होतो. सोमवारी एक रील बघायची, मंगळवारी तो व्यायाम. आमच्या जिममधला ट्रेनरही तसलाच, त्यालाही दर आठवड्याला नवीन काहीतरी दाखवायचं असायचं, नाहीतर लोक फी कशाची देणार! रोज अंग दुखायचं आणि मला वाटायचं व्यायाम लागतोय. बेंच प्रेस (बाकावर उताणं पडून छातीवरून वजन वर ढकलणं) वर्षभर ६० किलोवर. एक दाणा वर नाही.

अंग दुखणं म्हणजे अंगाला अनोळखी काम पडलं, एवढंच. चार महिन्यांनी पेरू तोडायला झाडावर चढलो तरी दुखतं. त्यानं ताकद वाढली असं होत नाही.

आता काय करतो: चारच मुख्य व्यायाम, तेच, दोन-अडीच महिने. प्रत्येकाचे तीन सेट. वजन असं घ्यायचं की आठ वेळा नीट जमेल. पुढच्या खेपेला नऊ, मग दहा. तिन्ही सेट बाराचे झाले की बारला दोन्हीकडे सव्वा-सव्वा किलोची प्लेट लावायची आणि पुन्हा आठवर यायचं. सात महिन्यांत ६० चे ७२.५ झाले. कंटाळा आला की किरकोळ व्यायाम बदलतो, मुख्य चार हलवत नाही.

तेव्हा गोडोलीकर, तुमचा जिमवाला आणि शेजारचे काका दोघंही अर्धेअर्धे बरोबर आहेत. व्यायाम तोच ठेवा, वजन-आकडा मात्र हलता ठेवा.

शंकासुर · ४ मार्च, सकाळी ११:१५

शाळेतलं गणित करून बघितलं. वस्तुमान गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले उंची. शहरापासून गडाची उंची २५० मीटर धरा. ७९ गुणिले ९.८ गुणिले २५०, म्हणजे १९३ किलोज्यूल, म्हणजे ४६ किलोकॅलरी. शरीराचं इंजिन पाव हिस्साच काम बाहेर देतं, बाकी घाम, म्हणून चौपट करा. झाले १८५. हा निव्वळ उंची चढण्याचा हिशेब, रस्त्याची लांबी वेगळी.

८६ किलोला हाच आकडा २०० येतो. म्हणजे तुम्ही हलके झालात आणि डोंगर तुम्हाला स्वस्त पडायला लागला. रोजच्या रोज १५ ची सूट. वर चाल सराईत झाली, बातम्या वाचता येतात इतकी.

आणि १८५ म्हणजे किती? एक मिसळ-पाव खाल्ला की डोंगर परत. माझा मूळ प्रश्न अजून अनुत्तरित आहे.

गोडोलीकर · ४ मार्च, दुपारी २:००

शंकासुर, धरलंत. रविवारी गडावरून थेट मिसळ. गुरुवारीसुद्धा, कधीकधी. आणि पाहुणे आले की कंदी पेढे घरात असतातच, साताऱ्यात राहून त्याला इलाज नाही.

हिशेब वाचून गार झालो. एवढा घाम गाळून १८५!

अजून एक, उतरताना उजवा गुडघा अलीकडे कुरकुरतो. चढताना काही नाही.

सांधेजोड · ४ मार्च, रात्री १०:४०

फिजिओथेरपी हा माझा पोटापाण्याचा धंदा, त्यामुळे गुडघा वाचून राहवलं नाही. लांबलचक लिहिणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी बीपी. तुम्ही वेगाचं काही सुरू करण्यापूर्वी तुमच्या डॉक्टरांना विचारा, आणि गोळी कुठल्या प्रकारची आहे तेही विचारा. बीटा ब्लॉकर असेल तर नाडी फारशी चढतच नाही, मग हातातलं घड्याळ "आरामात चाललंय" म्हणतं आणि माणूस मात्र धापा टाकत असतो. त्यापेक्षा बोलून बघा. पूर्ण वाक्य बोलता आलं तर काम हलकं. दोन-तीन शब्दांवर श्वास तुटला तर जड. चढताना छातीत आवळल्यासारखं, जबडा-हात दुखणं, चक्कर, यातलं काहीही झालं तर तिथंच थांबायचं आणि तपासून घ्यायचं. "गडावर जाऊन येतो, मग बघू" असं म्हणणारे पेशंट मी पाहिलेत.

आता अडलेलं का आहे ते. तुमचा धाग्याचा मथळाच उत्तर आहे: अंगवळणी पडला. पहिल्या दीड-दोन महिन्यांत जी सुधारणा झाली, त्यातली बरीचशी स्नायू वाढल्यामुळे नव्हे, तर मेंदू आणि स्नायू यांची गट्टी जमल्यामुळे. तेच काम कमी खटपटीत. मग हळूहळू स्नायू, हृदय, फुप्फुसं त्या कामापुरती तयार झाली. त्या कामापुरतीच. शरीर भलतं काटकसरी असतं, गरजेपेक्षा जास्त काही बांधून ठेवत नाही.

वजन क्रमाक्रमानं वाढवत नेण्याची पद्धत आमच्या क्षेत्रात पक्की झाली ती दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी. डिलॉर्म नावाच्या अमेरिकी लष्करी डॉक्टरनं जखमी सैनिकांच्या अशक्त झालेल्या मांड्यांना हलकं-हलकं ठेवण्याऐवजी पेलेल तेवढं वजन द्यायला सुरुवात केली, आणि ते पेललं की थोडं जास्त. त्याआधी अशा पायांना जपण्याकडेच कल होता. @तालमीतली माती यांचे वस्ताद तोंडाकडे बघून जे करत होते ते हेच, फक्त त्यांना वजनकाटा लागत नव्हता.

गुडघा उतरताना दुखतो कारण उतरताना मांडीचा पुढचा स्नायू लांबत-लांबत ब्रेक लावतो. ते काम चढण्यापेक्षा वेगळं, आणि तुमच्या २० बैठका (खरं सांगा, भराभर ना?) त्याची तयारी करत नाहीत. जिन्याच्या एका पायरीवर उभे राहा, एक पाय हळूहळू खाली, मनात तीन आकडे मोजत, टाच जेमतेम टेकवून परत वर. दोन्ही पायांना आठ-आठ. पहिले पंधरा दिवस एवढंच. आणि उतरताना तो मोबाईल खिशात ठेवा हो.

बाकी आठवड्याचं म्हणाल तर सहाही दिवस गड नको. तीन दिवस गड आहे तसा, निवांत. एक दिवस गडच, पण मधे दोन-दोन मिनिटं जोरात आणि तीन मिनिटं सावकाश, सुरुवातीला चारच वेळा. दोन दिवस गडाला सुट्टी, घरी जोर, बैठका, ती पायरी आणि काहीतरी ओढण्याचं काम, कारण जोर म्हणजे सगळं ढकलणंच, पाठीला काही मिळत नाही. हे चार आठवडे तसंच चालू द्या. एका वेळी एकच गोष्ट वाढवा. वेगही वाढवला, दिवसही वाढवले, जोरही दुप्पट केले, तर काय लागू पडलं ते कळणार नाही आणि काय दुखावलं तेही कळणार नाही. चौथ्या आठवड्यात सगळं निम्म्यावर आणा. त्या आठवड्यात आळशी वाटेल, वाटू द्या.

बेटकुळी · ५ मार्च, सकाळी ७:०२

सगळं पटलं, पण देशी बैठका कशाला? गुडघे पार बोटांच्या पुढे जातात, टाचा उचललेल्या. गुडघे खातात त्या.

तालमीतली माती · ५ मार्च, सकाळी ७:४८

मर्दा, हजारानं मारल्यात आमी. आदी तुमी धा मारून दावा, न थांबता, मग खातात का पोसतात त्ये बोलू.

सांधेजोड · ५ मार्च, सकाळी ९:१५

भांडू नका. निरोगी गुडघा बोटांच्या पुढे गेला म्हणून बिघडत नाही, जिना उतरताना रोजच जातो. बिघडतं ते वीसवरून एका रात्रीत दोनशेवर गेल्यानं. माती, तुम्ही हजारावर किती वर्षांनी पोचलात?

तालमीतली माती · ५ मार्च, सकाळी ९:३१

पाच-सा वर्सं लागली की.

पहाटेचा डबा · ६ मार्च, दुपारी ३:४५

इथं सगळे गड, घाट आणि बारबेलवाले दिसतात. मी स्वयंपाकघर आणि हॉल यांच्या मधल्या सहा फुटांत व्यायाम करते. वय ५२. पहाटे दोन डबे करायचे असतात, त्याआधी जी पंचवीस मिनिटं मिळतात तेवढीच माझी. त्यामुळे "वेळ वाढवा" हा सल्ला मला कुणी देऊ नये.

चार वर्षं रोज १२ सूर्यनमस्कार. मंत्रांसकट नऊ-दहा मिनिटं. पहिल्या वर्षी पाठदुखी गेली, मग नुसतं रूटीन, दात घासल्यासारखं. पाळी गेल्यावर डॉक्टरांनी सांगितलं की हाडांसाठी वजन पेलण्याचा व्यायाम हवा, नुसतं वाकणं-ताणणं पुरत नाही. जिमला जाणं शक्य नव्हतं.

मी केलं ते असं. आठवड्यातले दोन दिवस नेहमीसारखे, पण २४. दोन दिवस सहाच नमस्कार, मात्र प्रत्येक स्थितीत पाच श्वास थांबायचं. हसू नका, अष्टांग नमस्कारातून सावकाश वर येऊन बघा, हात लटलट कापतात. आणि दोन दिवस नमस्कार नाहीत, मुलाच्या जुन्या शाळेच्या दप्तरात ५ किलोची तांदळाची पिशवी घालून बैठका, आणि तेच दप्तर वाकून कमरेपर्यंत ओढणं. (@सांधेजोड, तुम्ही म्हणता ते ओढण्याचं काम हेच ना?) दीड महिन्यानं तांदूळ ७ किलो, आता १०. दुकानदार विचारतो घरी पाहुणे आलेत का.

वही नाही, कालनिर्णयवर चौकटीत लिहिते, दुधाच्या हिशेबाखाली. मागच्या महिन्यात गॅसचं भरलेलं सिलिंडर एकटीनं सरकवलं, मुलगा बघतच राहिला.

सांधेजोड · ६ मार्च, सायंकाळी ६:१०

हेच ते ओढण्याचं काम. फक्त ओढताना पाठ गोल होऊ देऊ नका, एक हात खुर्चीवर टेकवा.

गोडोलीकर · ६ मार्च, रात्री ९:५०

सगळ्यांचे आभार. डॉक्टरांना विचारलं. गोळी बीटा ब्लॉकर नाही, तपासण्या करून हिरवा कंदील दिलाय. उद्या वही आणतो. तांदळाची कल्पना घरात मांडली तर बायको म्हणाली, "आधी निवडून दे, मग दप्तरात घाल."

गोडोलीकर · ९ जून, सकाळी ८:३०

धागा वर काढतोय. चौदा आठवडे झाले. जे झालं ते वहीतून उतरवतो, चुकांसकट.

पहिला आठवडा छान. दुसऱ्या आठवड्यात अंगात आलं, चारऐवजी आठ वेळा जोरात चढलो, सातव्या वेळी पोटरी धरली. पाच दिवस घरी. सांधेजोड यांनी एका वेळी एकच गोष्ट म्हटलं होतं, मी एका वेळी दुप्पट केलं. एप्रिलमध्ये पुतणीचं लग्न, अकरा दिवस वहीत कोरी पानं. श्रीखंड किती वेळा खाल्लं ते लिहिलं नाही. परत सुरू केलं तेव्हा भीती होती सगळं गेलं असेल, पण आठवड्याभरात गाडी रुळावर आली.

गडाची वेळ ४३ वरून ४० मिनिटं १० सेकंद. सहाऐवजी चारच दिवस चढून. वजन ७७.८, म्हणजे फक्त सव्वा किलो, त्यावर थोडा हिरमुसलो होतो. पण कंबर ९६ सेंटीमीटरची ९२ झालीय आणि पट्ट्याला आत एक नवीन भोक पाडून घेतलं, राजवाड्याजवळच्या चांभारकाकांकडून. मिसळ आता एकाआड एक रविवारी. गुडघा उतरताना बोलत नाही. पायरीचा व्यायाम हातात पाण्याचे दोन कॅन घेऊन करतो. जोर २० चे ३५ झाले.

अडचण एकच. पाऊस सुरू झाला, गडाच्या रस्त्यावर शेवाळ धरेल आणि धुक्यात गाड्या दिसत नाहीत. पुढचे तीन महिने जोरात चढायचा दिवस कुठं घालवू?

घाटवेडी · ९ जून, सकाळी १०:१२

चाळीस दहा! वा. पावसात इमारतीचा जिना वापरा, चार मजले असले तरी पुरे. चढताना जोर, उतरताना आराम, तीच खांब ते खांब पद्धत. पायपुसणी तेवढी बाजूला करा, मी एकदा घसरलेय.

तालमीतली माती · ९ जून, रात्री ८:४०

पावसाळा म्हंजे अंग कमवायचा टाइम, डोंगर गेला तर जाऊ द्या. जोर वाढवा.

पर एक इचारतो. पस्तीस म्हनताय. छाती भुईला लागती का? पैल्यापासनं शेवटपर्यंत?

गोडोलीकर · ९ जून, रात्री ९:२६

आत्ता मुलाला बाजूला बसवून मोजून घेतले. २२ पर्यंत लागते. पुढचे तेरा अर्ध्यातूनच वर येतात.

वहीत ३५ खोडून २२ केलेत.